दाढेतलं तात्पुरतं सिमेंट: कशासाठी भरतात, किती टिकतं, का सुटतं

रूट कॅनालच्या पहिल्या फेरीनंतर डॉक्टर दाढेत पांढरट सिमेंट दाबून भरतात आणि आठवड्याने बोलावतात. दोन दिवसांत ठणका थांबतो. खड्डा बुजलेला दिसतो, जिभेला खड्डा लागत नाही, म्हणून पुढची फेरी आधी आठवडाभर आणि मग महिनाभर लांबते. तात्पुरत्या फिलिंगचं सगळ्यात जास्त नुकसान होतं ते याच टप्प्यावर. सिमेंट जागेवर दिसतं, पण त्याच्या कडेने लाळ आत झिरपायला लागलेली असते आणि ते आरशात दिसत नाही.

कायमच्या फिलिंगवर दोन जबाबदाऱ्या असतात, चावण्याचा भार घेणं आणि दाताचं तोंड बंद ठेवणं. तात्पुरत्या फिलिंगकडून मुख्यतः दुसरीची अपेक्षा असते, आणि तीही ठरावीक दिवसांपुरती. हे लक्षात ठेवलं तर पुढचं सगळं गणित सोपं होतं.

मुळात तात्पुरतं का भरायचं?

सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे रूट कॅनालच्या दोन फेऱ्यांमधला काळ. दाताच्या नळ्या साफ करून आत बहुधा कॅल्शियम हायड्रॉक्साइडची पेस्ट ठेवलेली असते. तिचा पीएच साधारण १२.५ असतो आणि त्या तीव्र अल्कलीमुळे उरलेले जिवाणू मरतात. वरून लाळ शिरली की औषध पातळ होतं आणि नवे जिवाणू आत येतात, म्हणजे तासभर खपून केलेली सफाई वाया.

दुसरं कारण खोल कीड. कीड नसेच्या अगदी जवळ पोचली असेल तर सगळी एका बैठकीत उकरून काढताना नस उघडी पडण्याची भीती असते. अशा वेळी कडांची कीड पूर्ण काढून, तळाशी थोडी ठेवून, वरून घट्ट बंद करतात आणि काही महिने थांबतात. जिवाणूंचा अन्नपुरवठा तुटला की तळाची कीड थंडावते आणि नस स्वतःच्या बचावासाठी आतून नवा थर रचते. इथे 'तात्पुरतं' म्हणजे कित्येक महिने, त्यामुळे आठवड्याभराचं सिमेंट चालत नाही. उरलेली कारणं लगेच कळण्यासारखी आहेत: लॅबमधून इनले (खड्ड्यात बसवायचं, बाहेर बनवलेलं तयार फिलिंग) किंवा कॅप येईपर्यंतची सोय, तुटलेल्या दाताची तातडीची डागडुजी, किंवा तोंडात बऱ्याच किडी असताना त्या आधी एकदम रोखून मग एकेक दात निवांत भरणं.

ओलाव्याने घट्ट होणारं सिमेंट

कॅव्हिट आणि त्याच्या जातीची बाकीची सिमेंटं डबीतून किंवा ट्यूबमधून तयार मळलेलीच येतात. त्यात झिंक ऑक्साइड, कॅल्शियम सल्फेट, झिंक सल्फेट आणि हे सगळं बांधून ठेवणारं रेझिन असतं. मिसळायला काही नाही. पाणी लागलं की ते घट्ट होऊ लागतं, आणि ते पाणी ते लाळेतूनच ओढून घेतं.

पाणी ओढताना ते फुगतं, आणि त्याचा मोठा गुण हाच आहे. फुगल्यामुळे ते खड्ड्याच्या भिंतींवर दाबून बसतं आणि कडा चांगल्या बंद होतात. झिंक ऑक्साइड-युजेनॉलच्या तुलनेत त्याचं लांबीतलं प्रसरण जवळजवळ दुप्पट असतं. दाब सोसण्याची ताकद मात्र साधारण निम्मी. म्हणून चारही बाजूंनी भिंत शाबूत असलेल्या लहान खड्ड्यात ते उत्तम बसतं, आणि एक बाजू पडलेल्या दाढेत चावण्याच्या भाराखाली तुकडे होऊन निघतं.

याच गुणातून दोन अडचणी येतात. जिवंत नस असलेल्या दातात पूर्ण कोरडा खड्डा करून हे सिमेंट भरलं, तर त्याला हवं असलेलं पाणी ते दाताच्या सूक्ष्म नलिकांमधून खेचतं आणि रुग्णाला कळ येते. म्हणून अशा दातात खड्डा किंचित ओला ठेवून भरायचं असतं. कोरडेपणाची सवय लागलेल्या हाताला हे उलटं वाटतं, पण इथे ओलावाच हवा. दुसरी अडचण पातळ भिंतींची. दोन्ही बाजू पोखरलेल्या दाढेत असं फुगणारं सिमेंट ठासून भरून बरेच दिवस ठेवलं, तर भिंती बाहेर ढकलल्या जातात. प्रयोगशाळेतल्या चाचण्यांमध्ये अशा दातांना बारीक तडे गेलेले दिसले आहेत. दाढ आधीच कमकुवत असेल तर हे सिमेंट न वापरणंच बरं.

वरचा थर काही मिनिटांत घट्ट होतो, पण पाणी खोलवर पोचायला तास लागतात. पहिले दोन तास त्या बाजूने चावू नका, हे सांगणं त्यासाठी. या सिमेंटचे कमी-जास्त कठीण प्रकारही मिळतात. सगळ्यात मऊ प्रकार टोकदार प्रोबने एका तुकड्यात निघतो, म्हणून इनलेच्या खड्ड्यात तो सोयीचा.

झिंक ऑक्साइड आणि युजेनॉल

दातांच्या दवाखान्यात शिरताच येणारा लवंगेचा वास याचाच. युजेनॉल हा लवंगेच्या तेलाचा मुख्य घटक. झिंक ऑक्साइडची पांढरी पूड त्यात मळली की झिंक आणि युजेनॉलची साखळी बांधली जाते आणि गोळा घट्ट होतो. यालाही पाण्याचा अंश लागतो. त्यामुळे दमट हवेत आणि तोंडाच्या उबेत ते पटकन आवळतं, तर थंड काचेवर मळलं की हाताला जास्त वेळ मिळतो.

साध्या मिश्रणाची ताकद कमी असते. म्हणून पुडीत सुमारे २० टक्के पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट हे प्लास्टिक मिसळून ते बळकट केलं जातं. दवाखान्यांत आयआरएम या नावाने ते परिचित आहे आणि वर्षभरापर्यंतच्या वापरासाठी बनवलेलं आहे. ते योग्य मळणं हे हाताचं कौशल्य आहे, आणि ते लवकर सुटतं त्यातला मोठा वाटा चुकीच्या मळण्याचा असतो. वजनाने पूड सहा भाग, द्रव एक भाग. मापाने सांगायचं तर एक सपाट चमचा पुडीला एक थेंब. आधी अर्धी पूड घालून नीट घोटायची, उरलेली दोन-तीन हप्त्यांत घालायची. शेवटी मिश्रण इतकं कोरडं वाटतं की पूड जास्त झाली असं वाटून नवखा माणूस थांबतो किंवा आणखी एक थेंब टाकतो. तसं करायचं नाही. स्पॅच्युलाने जोर लावून पाच-दहा सेकंद रगडलं की तोच चुरा मऊ, चिकट न राहिलेल्या कणकेसारखा होतो. पातळ मळलेलं सिमेंट भरायला सोपं जातं, पण ते उशिरा घट्ट होतं, कमकुवत राहतं आणि लाळेत लवकर झिजतं.

युजेनॉलचे दोन चेहरे आहेत. घट्ट झालेल्या सिमेंटमधून ते हळूहळू सुटत राहतं. डेंटिनमधून (दाताच्या कठीण आवरणाखालच्या थरातून) गाळून नसेपर्यंत पोचेस्तोवर ते फार विरळ झालेलं असतं आणि त्या विरळ मात्रेत ते ठणका शमवतं. जिवाणूंनाही ते मारक आहे. त्यामुळे एक गंमतीदार विसंगती दिसते. रंगीत द्रावणात बुडवून झिरपण तपासलं तर हे सिमेंट कॅव्हिटपेक्षा मागे पडतं, विशेषतः गरम-थंड असे फेरे दिल्यावर. पण रंगाऐवजी जिवाणू वापरून तपासलं की ते बरंच चांगलं टिकतं, कारण कडेने आत शिरणारा जिवाणू वाटेतच युजेनॉलला बळी पडतो.

हेच युजेनॉल उघड्या नसेवर थेट लागलं तर मात्र पेशींना मारतं. म्हणून नस उघडी पडलेली असेल तिथे ते थेट ठेवत नाहीत. शिवाय रेझिनचं, म्हणजे दातरंगी कंपोझिटचं, घट्ट होणं ते अडवतं. पुढच्या वेळी त्याच दातात कंपोझिट भरायचं किंवा रेझिन सिमेंटने कॅप चिकटवायची असेल, तर युजेनॉलविरहित तात्पुरतं सिमेंट निवडणं सोपं. युजेनॉलवालं आधीच भरलेलं असेल तर त्याचा पातळ थरसुद्धा भिंतीवर राहता कामा नये. प्युमिसने (बारीक घासणाऱ्या पुडीने) घासून आणि मग ॲसिडने खरवडून (एचिंग करून) ताजा डेंटिन उघडा करावा लागतो.

ग्लास आयोनोमर आणि बाकीचे

ग्लास आयोनोमर हे १९७० च्या आसपास विल्सन आणि केंट यांनी पुढे आणलेलं सिमेंट. ते दाताच्या कॅल्शियमशी रासायनिक बंध बांधतं आणि फ्लोराइड सोडत राहतं. कित्येक आठवडे किंवा महिने थांबायचं असेल, भिंत पडलेली असेल, किंवा रुग्ण वेळेवर परत येईल याची खात्री नसेल, तर आमचं मत सरळ आहे: हेच वापरावं. भरण्याआधी खड्डा १० टक्के पॉलिॲक्रिलिक ॲसिडने १० ते २० सेकंद पुसून धुतात. पृष्ठभाग पाणी टिपून घेतल्यासारखा हवा, हवेने कोरडाठाक केलेला नको. पहिल्या काही मिनिटांत त्यावर लाळ आली तर वरचा थर विरघळतो, आणि खूप वाळलं तर बारीक भेगा पडतात. म्हणून भरून झाल्यावर वर वार्निशचा किंवा व्हॅसलीनचा थर देतात. पूर्ण ताकद यायला दिवसभर जातो.

त्याची गैरसोय म्हणजे काढताना बर (दात कोरायच्या यंत्राचं फिरतं टोक) चालवावी लागते, आणि रंग दाताशी मिळताजुळता असल्याने कधीकधी दाताचाच भाग कापला जातो. रूट कॅनालच्या दातात त्यासाठी मुद्दाम ठळक पांढऱ्या किंवा गुलाबी रंगाचं ग्लास आयोनोमर घेतात, म्हणजे सीमा कळते.

प्रकाशाने घट्ट होणारं लवचीक रेझिनही मिळतं. २० ते ४० सेकंद लाइट मारला की रबरासारखं घट्ट होतं आणि पुढच्या फेरीत एका तुकड्यात उपटून निघतं. इनलेसाठी झकास, पण ते दाताला चिकटत नाही आणि घट्ट होताना आकसतं, त्यामुळे रूट कॅनालच्या दातावर एकट्या त्याच्या भरवशावर राहू नये. गट्टा-पर्चा (झाडापासून मिळणारा रबरासारखा पदार्थ) गरम करून खड्ड्यात दाबण्याची जुनी रीत आहे. कडा इतक्या वाईट बंद होतात की तिचा विचारच करू नये.

जाडी: सगळ्यात दुर्लक्षित आकडा

कॅव्हिटसारख्या सिमेंटची गळती रोखायला किमान ३.५ मि.मी. जाडी लागते. हा आकडा १९७० च्या दशकातल्या चाचण्यांपासून धरलेला आहे आणि व्यवहारात ४ मि.मी. गाठायचं ध्येय ठेवावं, कारण वरचा अर्धा मिलिमीटर काही दिवसांत झिजतो.

आता प्रत्यक्षातला हिशेब पाहू. समजा दाढेतला खड्डा ६ मि.मी. खोल आहे. नळ्यांची तोंडं झाकायला तळाशी कापसाचा बोळा ठेवला. बोळा सैल असेल तर सहज ३ मि.मी. खाऊन टाकतो. उरले ३. त्यातही कापूस दबणारा, म्हणजे चावताना सिमेंट खाली खचणार. आणि बोळ्याचा एखादा धागा भिंतीला चिकटून वर आला असेल, तर तो धागा दिव्याच्या वातीसारखा लाळ आत ओढतो. तात्पुरत्या फिलिंगखाली दुर्गंधी येणारा ओला कापूस निघतो त्याचं कारण बहुधा हेच. त्याऐवजी निर्जंतुक केलेली टेफ्लॉनची पट्टी घडी करून प्लगरने (दाबायच्या चपट्या टोकाच्या हत्याराने) दाबून बसवली, तर १.५ ते २ मि.मी. मध्ये भागतं. टेफ्लॉन पाणी शोषत नाही, जिवाणूंना खायला देत नाही आणि पुढच्या वेळी एका ओढीत निघतं. कापूसच वापरायचा असेल तर अगदी छोटा, चपटा बोळा घ्यावा आणि भिंती धाग्यांपासून मोकळ्या आहेत हे बघावं. खुणा असलेल्या पेरिओ प्रोबने उरलेली खोली मोजायला दहा सेकंद लागतात. अंदाजाने ठरवू नये.

भरताना सिमेंटचा एकच मोठा गोळा वरून दाबला की खाली हवेची पोकळी राहते. छोटे गोळे घेऊन आधी कोपऱ्यांत, मग भिंतींलगत आणि शेवटी मध्यभागी दाबत यावं. शेजारच्या दाताकडची भिंत पडलेली असेल तर मॅट्रिक्स बँड (दाताभोवती गुंडाळायची पातळ पट्टी) लावल्याशिवाय भरू नये, नाहीतर सिमेंट हिरडीवर ओघळतं आणि दोन दातांमध्ये अन्न अडकायची जागा तयार होते. कॅव्हिट असेल तर शेवटी ओल्या कापसाने पुसून गुळगुळीत करतात. रूट कॅनालच्या दाढेत एक मजबूत पद्धत म्हणजे दोन थर: आत कॅव्हिट, कडा बंद करण्यासाठी, आणि वर आयआरएम किंवा ग्लास आयोनोमर, चावण्याचा भार घेण्यासाठी. दोन्ही थरांना जागा असेल तरच हे करावं.

मग बाइट, म्हणजे वरचे-खालचे दात मिटताना कसे टेकतात ते. रंगीत आर्टिक्युलेटिंग पेपर चावायला देऊन जिथे खूण गडद उमटते तिथे सिमेंट खरवडायचं. भूल दिलेली असताना रुग्णाला उंच लागतंय हे नीट सांगता येत नाही, त्यामुळे कागदावर विश्वास ठेवावा. उंच राहिलेलं सिमेंट दर घासाला आपटतं. एकतर ते फुटतं, नाहीतर दात चावताना दुखू लागतो आणि रुग्णाला वाटतं इन्फेक्शन परत आलं. दाढेचा एखादा पातळ कंगोरा आधाराविना उभा असेल तर तोही थोडा कमी करून ठेवावा. सिमेंट गेलं तर नवं भरता येतं, दात मुळापर्यंत उभा चिरला तर बहुतेक वेळा तो काढावा लागतो.

किती दिवस?

कॅव्हिटच्या जातीचं सिमेंट एक ते दोन आठवडे. तीन आठवडे ही ताणलेली मर्यादा. ते एकदम विरघळून जात नाही, पण लाळ, तापमानातले बदल आणि चावणं यांनी कडा आधी झिजतात. आयआरएम नीट मळलेलं असेल तर काही महिने, ग्लास आयोनोमर त्याहून अधिक. हे सगळे आकडे जाडी आणि भिंती ठीक असतील तरचे.

रूट कॅनाल पूर्ण होऊन कॅप बाकी असेल तर उतावीळ व्हायचं कारण अधिक मोठं आहे. नळ्या गट्टा-पर्चाने भरल्या म्हणजे त्या कायमच्या बंद झाल्या, असा समज आहे. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात नळ्या भरलेल्या दातांचं वरचं तोंड उघडं ठेवून जिवाणूंच्या संपर्कात ठेवलं, तेव्हा निम्म्याहून अधिक दातांत एका जातीचे जिवाणू १९ दिवसांत आणि दुसऱ्या जातीचे ४२ दिवसांत मुळाच्या टोकापर्यंत पोचले होते. तोंडात परिस्थिती हुबेहूब तशी नसते, पण दिशा स्पष्ट आहे. वरचं सिमेंट निघून दात काही महिने उघडा राहिला असेल, तर कॅप बसवण्याआधी रूट कॅनाल पुन्हा करावं का, हे डॉक्टरांना गंभीरपणे ठरवावं लागतं.

घरी काय बघायचं

पहिल्या दिवशी जिभेला सिमेंटचे एक-दोन कण लागले तर घाबरू नका, कडेचं जास्तीचं सिमेंट निघतं. ते गिळलं गेलं तरी अपाय होत नाही. मधोमध थोडासा खोलगटपणाही चालतो. काळजीच्या खुणा वेगळ्या आहेत: दात आणि सिमेंट यांच्यामध्ये रेघ किंवा फट दिसणं, त्या दाताजवळून वाईट चव येणं, अन्न अडकू लागणं, सिमेंट दाबल्यावर हलणं. यातलं काहीही असेल तर तारखेची वाट न बघता फोन करा. ब्रश नेहमीसारखा करावा. फ्लॉस घातला तर वर उपसू नये, बाजूने ओढून काढावा. चिकट आणि कडक पदार्थ दुसऱ्या बाजूने.

सिमेंट पूर्ण पडलं आणि डॉक्टर एक-दोन दिवसांनी भेटणार असतील, तर औषधाच्या दुकानात मिळणारी तयार पेस्ट वापरता येते. खड्डा मऊ ब्रशने साफ करून कोमट पाण्याने खळखळून चूळ भरा. आतलं टेफ्लॉन किंवा कापूस जागेवर असेल तर ओढू नका. दात थोडा ओलसर राहू द्या. मटाराच्या निम्म्याएवढी गोळी ओल्या बोटाने दाबून बसवा, दात हलकेच चार-पाचदा मिटून उंच भाग दाबून टाका, बाहेर आलेलं पुसून घ्या आणि दोन तास काही खाऊ नका. सुपरग्लू, ॲस्पिरिनची गोळी किंवा निखळ लवंग तेलात भिजवलेला कापूस यांतलं काहीही खड्ड्यात घालू नये. ॲस्पिरिन आणि निखळ लवंग तेल दोन्ही हिरडी आणि गाल भाजतात.

एका परिस्थितीत घरी दात बंद करायचाच नाही. हिरडी किंवा गाल सुजलाय, पू येतोय, ताप आहे, ठोके पडल्यासारखं ठणकतंय, तर वरून झाकल्याने आतला दाब वाढतो. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. तिथे पू काढून, नळ्या धुऊन, शक्य असेल तर त्याच बैठकीत दात पुन्हा बंद केला जातो. पू वाहू दे म्हणून दात कित्येक दिवस उघडा ठेवण्याची जुनी पद्धत आता टाळतात, कारण त्या वाटेने लाळ आणि अन्न आत जातं आणि संसर्ग चिवट होतो. सूज डोळ्याकडे किंवा जबड्याखाली मानेकडे पसरत असेल, तोंड उघडत नसेल, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर दातांच्या डॉक्टरांच्या वेळेची वाट न बघता थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा, रात्र असली तरी.